वाचकांचे प्रश्न : गिटार टॅबला जोडायची, पण कशातून?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळचा औसा तालुक्यातला असून सध्या लातूरला भाड्याच्या खोलीत राहून शिकतो. गेल्या वर्षी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. ॲम्प मात्र परवडला नाही, आणि घेतला असता तरी शेजारच्या खोल्यांतली मुले रात्री उशिरापर्यंत अभ्यास करत असल्याने तो वाजवता आला नसता. घरच्यांनी अभ्यासासाठी घेऊन दिलेला टाइप-सी पोर्टचा अँड्रॉइड टॅब माझ्याकडे आहे. त्याला गिटार जोडून हेडफोनवर सराव करावा आणि जमल्यास रेकॉर्डिंगही करावे, अशी इच्छा आहे. दुकानदार म्हणतो साउंड कार्ड घ्या, मित्र म्हणतो हेडफोनच्या भोकात लावायची स्वस्त पिन मिळते तीच पुरे, आणि ऑनलाइन पाहावे तर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असले आकडे समोर येतात. नेमके काय पाहून वस्तू घ्यावी?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : आकडे तूर्त बाजूला ठेवा आणि सुरुवात गिटारपासून करा, कारण या खरेदीत बहुतेकांची चूक तिथेच होते. तुमच्या गिटारच्या तारांखाली जे पिकअप बसवलेले असते, ते म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते, आणि ती पुढच्या यंत्राने हळुवारपणे घ्यावी लागते. ठिबक सिंचन पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. कमी उंचीवरच्या टाकीतून बारीक नळीने पाणी येत असताना नळीच्या टोकाला बारीक ड्रिपर लावला, तर नळीतला दाब टिकून राहतो. त्याच टोकाला मोठा नळ लावून पूर्ण सोडला, तर दाब क्षणात पडतो आणि शेवटच्या झाडापर्यंत काहीच पोचत नाही. पिकअप ही अशीच कमी दाबाची टाकी आहे. तिच्यापुढे सुमारे १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम, इतका रोध असलेला इनपुट असला तर गिटारचा आवाज जसाच्या तसा पोचतो. मायक्रोफोनचा इनपुट साधारण दोन-तीन हजार ओहमांचा आणि लाइन इनपुट दहा हजारांच्या आसपासचा असतो. त्यांत गिटार खुपसली की आवाज तर घटतोच, पण वरचे चमकदार स्वर आधी मरतात आणि गिटार गोणपाटात गुंडाळून वाजवल्यासारखी वाटते. म्हणून पहिली अट हीच, की वस्तूवर इन्स्ट्रुमेंट, इन्स्ट किंवा हाय-झेड असे लिहिलेला इनपुट किंवा तसे बटण असले पाहिजे. काही कंपन्या तिथे नुसते गिटारचे छोटे चित्र काढतात.

या अटीवर तुमच्या मित्राने सुचवलेली पिन बहुधा टिकणार नाही. टॅबच्या हेडफोन-जॅकमधला माइकचा संपर्क इअरफोनच्या इवल्याशा माइकसाठी केलेला असतो. नुसता जॅक बदलून देणाऱ्या साध्या पिनेत पिकअपला जुळवून घेणारे मंडल नसते. ज्यांत ते असते, त्यांतही दुसरी अडचण उरतेच, ती म्हणजे हेडफोनकडे जाणारा आणि गिटारकडून येणारा आवाज एकाच जॅकमध्ये, एकाच जमिनीच्या संपर्कावर खेटून असतात. साध्या, स्वच्छ आवाजात हे खपून जाते, पण ॲम्पचा आवाज तयार करणाऱ्या ॲपमध्ये डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, वाढवले की बाहेर जाणारा आवाज आत झिरपतो आणि कर्कश शिट्टी सुरू होते. मी स्वतः अशा पिनेवर दोन महिने काढले आहेत. शिट्टी आली की आवाज कमी करायचा आणि आवाज कमी केला की गिटारच ऐकू यायची नाही, यातच त्या दोन महिन्यांतला निम्मा सराव गेला. आयके मल्टिमीडिया या इटालियन कंपनीने २०१० मध्ये जॅकमध्ये लावायचे आयरिग आणले, तेव्हा त्याला पर्याय फारसे नव्हते. आज आहेत, आणि पुष्कळ टॅबना आता तो जॅकच नसतो.

दुकानदार ज्याला साउंड कार्ड म्हणतो, ते नेमके काय आहे हे विचारून घ्या. गिटार किंवा माइकचा आवाज आकड्यांत बदलून यूएसबीवरून टॅबला देणाऱ्या डबीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आपल्याकडे तिलाही साउंड कार्डच म्हणतात, आणि टाळ्या, हशा, बाईचा आवाज-पुरुषाचा आवाज अशी रंगीत बटणे असलेल्या, मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठीच्या डबीलाही तेच नाव आहे. ती डबी गाणाऱ्या-बोलणाऱ्या माणसासाठी आहे. तिच्यात बहुधा गिटारच्या मोठ्या, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या जॅकला धड जागा नसते, आणि असली तरी वरची १० लाख ओहमांची अट क्वचितच पाळलेली असते.

दुसरी अट टॅबकडून येते. संगणकावर इंटरफेससोबत ड्रायव्हर टाकता येतो, टॅबवर तो टाकता येत नाही. त्यामुळे ज्याला क्लास कंप्लायंट म्हणतात, म्हणजे यूएसबी ऑडिओच्या सर्वमान्य नियमांनुसार चालते आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाही, असेच यंत्र हवे. अँड्रॉइडने २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून अशी यंत्रे ओळखायला सुरुवात केली, तेव्हा तुमचा टॅब त्यात बसणारच. तरीही दोन बारीक गोष्टी राहतात. काही कंपन्यांच्या उपकरणांत ओटीजी, म्हणजे टॅबला दुसरे यूएसबी यंत्र जोडू देणारा पर्याय, सेटिंगमध्ये जाऊन हाताने सुरू करावा लागतो आणि काही मिनिटे वापर नसला की तो आपोआप बंद होतो. इंटरफेस खराब निघाला असे समजून लोक तो परत करायला निघतात, आणि दोष निघतो या एका खुणेत. दुसरी गोष्ट केबलची. चार्जरसोबतच्या काही स्वस्त केबलमध्ये नुसते विजेचे वाहक असतात, माहितीचे नसतात. इंटरफेससोबत आलेलीच केबल वापरावी, आणि तिचे टोक तुमच्या टॅबला बसत नसेल तर ओटीजी जोडणी घ्यावी.

विजेचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात. छोटे इंटरफेस आपली वीज टॅबकडूनच घेतात. यूएसबी २.० च्या नियमानुसार पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत देणे अपेक्षित असते, आणि इंटरफेसची भूक या मर्यादेच्या आत असली तरी टॅबची बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. त्यात टॅबला पोर्ट एकच. तो इंटरफेसने अडवला की चार्जिंग बंद. तासभराच्या सरावाला हे चालते, पण रविवारी दिवसभर बसायचे असेल तर वीज आत घेणारा टाइप-सी हब लागतो, आणि प्रत्येक टॅब हबवरून एकाच वेळी चार्जिंग आणि ऑडिओ दोन्ही करू देतोच असे नाही. आणखी एक सोय काही इंटरफेसमध्ये असते, ती म्हणजे स्वतंत्र वीज घेण्याचा सॉकेट. स्टाइनबर्गच्या यूआर२२ एमके२ वर टॅबसाठी वेगळा सीसी, म्हणजे क्लास कंप्लायंट, मोड आणि ५ व्होल्टचा वेगळा सॉकेट दिलेला आहे, त्याला मोबाइलचा साधा चार्जर किंवा पॉवर बँक लावली की टॅबवरचा भार उतरतो. भारनियमनाच्या दिवसांत पॉवर बँकेवर चालणारे यंत्र किती उपयोगी पडते, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको.

आता ज्यावर तुमचा सराव होणार की नाही हे ठरते, त्या उशिराकडे येऊ. तार छेडल्यापासून हेडफोनमध्ये आवाज येईपर्यंतच्या वेळेला लेटन्सी म्हणतात. टॅब आवाज थेंबाथेंबाने न घेता छोट्या छोट्या घागरी भरून घेतो. सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाची मोजमापे), म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, या गतीने २५६ नमुन्यांची घागर भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, १२८ नमुन्यांची घेतली तर २.७, आत येताना एक घागर, बाहेर जाताना दुसरी, शिवाय रूपांतराचा थोडा वेळ. तुलनेसाठी सांगतो, हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३ मीटरवर ठेवलेल्या ॲम्पचा आवाज कानी यायलाच जवळपास ९ मिलिसेकंद लागतात आणि त्याने कुणाचे बिघडत नाही. दहा-बारा मिलिसेकंदांपर्यंत बोटे आणि कान यांचे जुळते. पंचवीस-तीस झाले की हात अडखळायला लागतो, आणि वाईट हे की नवशिक्याला वाटते, आपलाच ताल कच्चा आहे. चांगली चाललेली मुले या गैरसमजातून गिटार कोपऱ्यात ठेवताना मी पाहिली आहेत, म्हणून हा मुद्दा एवढा लांबवला.

हा उशीर इंटरफेसपेक्षा टॅबवर आणि ॲपवर अधिक अवलंबून असतो. आयपॅडवर आवाजाची वाट पूर्वीपासून बरीच मोकळी आहे. अँड्रॉइडवर आवाज पुष्कळदा यंत्रणेच्या सामायिक मिसळणीतून जातो आणि तिथे वेळ खातो. २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून कमी उशिराची वेगळी वाट उपलब्ध झाली, पण टॅब बनवणाऱ्याने आणि ॲप लिहिणाऱ्याने ती नीट वापरली तरच तिचा उपयोग. काही ॲप यंत्रणेला वगळून यूएसबीशी स्वतःच बोलतात, ती साधारणपणे चपळ असतात. तेव्हा इंटरफेस घेण्याआधी आपल्या टॅबवर गिटारचे कोणते ॲप बरे चालते याची चाचपणी करा. आणि हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथचा हेडफोन एकटाच शंभर-दोनशे मिलिसेकंदांची भर घालतो, मग बाकी सगळे कितीही उत्तम असो.

इथे एका बटणाचा उल्लेख आवश्यक आहे. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण असते. ते सुरू असताना गिटारचा आवाज टॅबमध्ये न जाता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला मिळतो, उशीर शून्याजवळ. विक्रेते ते बटण दाखवून लेटन्सीचा प्रश्नच नाही असे सांगतात. पण त्या वाटेने येतो तो कोरा आवाज, ॲपमधला ॲम्प आणि इफेक्ट त्यात नसतात. तुम्हाला ॲम्पचा आवाज ऐकत वाजवायचे आहे, म्हणजे बटण बंदच ठेवायचे. ते चुकून सुरू राहिले, तर आधी कोरी तार आणि मागोमाग ॲम्पची तार अशी प्रत्येक सुरावट दुहेरी ऐकू येते.

बिट आणि किलोहर्ट्झ यांवर फार वेळ घालवू नका. बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला ते. १६ बिटला सैद्धांतिक आवाका सुमारे ९६ डेसिबलचा आणि २४ बिटला १४४ चा. २४ असल्यास रेकॉर्डिंग करताना गेन, म्हणजे इनपुटची आवाजवाढ, थोडी कमी ठेवायला मोकळीक मिळते, हा खरा लाभ. पातळी शून्याखाली १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी, जोरात वाजवताना लाल दिवा लागता कामा नये. ४८ किलोहर्ट्झ तुम्हाला पुरेसे आहे. १९२ ने तुमच्या गिटारचा आवाज सुधारणार नाही, टॅबवरचा भार मात्र वाढेल.

माझे मत विचाराल, तर एक गिटार आणि एक माइक घेणारा, टॅबच्या विजेवर चालणारा छोटा इंटरफेस तुम्हाला पुरे आहे. फोकसराइटचा स्कारलेट सोलो या वर्गातला आहे आणि त्यावर गिटारचा इनपुट स्वतंत्र आहे. बेहरिंगरचा यूएमसी२२ त्याहून साधा, ४८ किलोहर्ट्झवरच थांबणारा, पण त्यालाही गिटारचा वेगळा इनपुट आहे आणि सरावाला तो कमी पडत नाही. चार-आठ इनपुटचे मोठे यंत्र घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. ते टॅबच्या विजेवर सहसा चालतही नाही. पैसे देण्यापूर्वी मात्र टॅब, गिटार आणि स्वतःचा हेडफोन घेऊन दुकानात जा. लातूरला हवे ते मॉडेल मिळाले नाही तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याची एक फेरी करा, पण पेटी उघडून, आपल्याच टॅबला लावून ऐका. पातळ तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडा आणि तिची धार जाणवते का ते पाहा. मग ॲपमध्ये ॲम्प सुरू करून जलद तुकडा वाजवा. शेवटी पाच मिनिटे हात न लावता ठेवा आणि यंत्र टॅबपासून तुटत नाही ना, हे तपासा. दुकानदार यास नाही म्हणाला तर दुसरे दुकान शोधावे.

आणि उशीर कोणत्याच ॲपने आटोक्यात आला नाही, तर तुमच्यासारख्या अँड्रॉइडधारकाला आणखी एक सरळ मार्ग आहे. काही छोट्या मल्टी-इफेक्ट पेडलमध्ये, म्हणजे ॲम्प आणि इफेक्ट स्वतःच तयार करणाऱ्या डबीत, हेडफोनचा जॅक आणि यूएसबी ऑडिओ दोन्ही असतात. ॲम्पचा आवाज पेडलच तयार करते, ऐकू तिथूनच येते, आणि टॅब फक्त रेकॉर्ड करतो. घेताना यूएसबीवरून खरोखर ऑडिओ जातो का, हे विचारा. काही पेडलचा यूएसबी नुसता सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापुरता असतो.

प्रश्न : आमच्या उपासनेतली गीते मला घरी रेकॉर्ड करायची आहेत. गळा आणि पिकअप बसवलेली अकूस्टिक गिटार एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर हवी. आयपॅड जुना आहे, गोल बटणाचा, लाइटनिंग पोर्टचा. तो बदलावा लागेल का?
— एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : बदलण्याची गरज नाही. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस जोडायला ॲपलचा लाइटनिंग ते यूएसबी ३ कॅमेरा ॲडॅप्टर घ्यावा; त्याला यूएसबीबरोबर चार्जिंगचीही जागा असते. चार्जर जोडूनच वापरावा, नाहीतर हे यंत्र फार वीज मागते असा संदेश पडद्यावर येऊन काम थांबते. ॲडॅप्टर मूळ कंपनीचाच असू द्या. गॅरेजबँड आयपॅडवर २०११ पासून आहे आणि आता मोफत मिळते; त्यातले मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग सुरू करून एका ट्रॅकला पहिला इनपुट आणि दुसऱ्याला दुसरा इनपुट नेमून द्यावा.

तुमच्या गिटारच्या कडेला नॉब आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा आहे का, ते पाहा. असल्यास आत प्रीॲम्प, म्हणजे पिकअपचा आवाज आधीच वाढवणारे मंडल, आहे आणि तिचा आवाज बराच जोरकस येईल. इन्स्ट्रुमेंट इनपुटवर तो फाटत असेल तर गेन पूर्ण उतरवावा, तरीही फाटल्यास इनपुट लाइनवर करावा. कप्पा नसेल तर घोडीखालचा पिकअप बिनप्रीॲम्पचा आहे आणि त्याला उच्च रोधाचा इनपुट इलेक्ट्रिक गिटारपेक्षाही अधिक लागतो. ४८ व्होल्टचे फँटम बटण फक्त कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा, माइक असेल तरच दाबावे. साध्या डायनॅमिक माइकला त्याची गरज नसते आणि वीज मात्र जास्त लागते.

प्रश्न : इंटरफेस, टॅब आणि खोलीतले दोन स्पीकर अशी माझी जोडणी आहे. हिवाळ्यात सगळे ठीक होते, मार्चपासून सतत गुणगुण ऐकू येते. टॅबला चार्जर लावला की ती वाढते, तारांना हात लावला की कमी होते, आणि कधी कधी बोटांना झिणझिण्याही येतात. इंटरफेस बदलू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : बदलू नका, आणि झिणझिण्यांकडे दुर्लक्षही करू नका. आधी तीन गोष्टी क्रमाने करून पाहा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण थांबली तर ती पिकअपमधून येते आहे, ट्यूबलाइटच्या चोकपासून, पंख्याच्या रेग्युलेटरपासून आणि इन्व्हर्टरपासून दूर, वेगळ्या दिशेला तोंड करून बसा. एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल पिकअप हा त्रास अधिक घेतो, दोन वेटोळ्यांचा हंबकर कमी. भारनियमनात घर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालत असेल तर गुणगुणीची जागा खरखरीत भणभण घेते. तेवढा वेळ टॅबच्या बॅटरीवर हेडफोन लावून वाजवणेच चांगले. व्हॉल्यूम शून्य करूनही आवाज राहिला तर चार्जर काढा. तरीही राहिला तर स्पीकरची वायर काढून हेडफोनवर ऐका.

तुमच्या लक्षणांवरून मला दोष अर्थिंगचा वाटतो. मोबाइल-टॅबच्या दोन पिनांच्या चार्जरमधून अतिशय थोडी वीज नेहमीच पुढे झिरपत असते. ती टॅब, इंटरफेस, गिटारच्या तारा या वाटेने येते आणि स्पीकरच्या तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीत जाऊ पाहते. ती वायरच्या जाळीतून वाहते तेव्हा ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. घराचे अर्थिंग कमकुवत असेल तर तिला जमीनच मिळत नाही, मग ती तुमच्या बोटांतून मार्ग काढते. हिवाळा संपल्यावर हे सुरू झाले, हेही त्याच्याशी जुळते. आपल्याकडची काळी माती वाळली की भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटते. आमच्या अंगणातल्या खड्ड्यावरचे झाकण एका मे महिन्यात उघडले, तर नळी आणि माती यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट पडलेली होती, आणि मीठ-कोळशाचा थर राखेसारखा कोरडा झाला होता. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ चार-चार बादल्या पाणी घातल्यावर फट मिटली आणि स्पीकरमधली गुणगुण स्पीकरला कान लावल्याशिवाय कळेना.

इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मीटरने मोजून घ्या, खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून एकदा पाणी घाला, आणि खोलीतल्या बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत अर्थची तार खरोखर आलेली आहे का, हेही त्यांना उघडून पाहायला सांगा; पुष्कळ जुन्या घरांत ते भोक नुसते नावाला असते. तोवर टॅब बॅटरीवर वापरावा. स्पीकरच्या प्लगची अर्थची पिन काढली की गुणगुण जाते, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, आणि ती जातेही. पण त्यानंतर स्पीकरच्या आत एखादी जिवंत तार सुटली, तर ती वीज थेट गिटारच्या तारांवर येईल आणि त्या तारा तुमच्या हातात असतील. ती पिन कोणत्याही परिस्थितीत काढू नका.